आजीच्या तांबड्या मण्याचा दगड कोणता : प्रकल्प नोंदी

आमचं गाव तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाला. घरात एक तांबडा मणी आहे. आजी लग्नात माहेराहून घेऊन आली, तिला तिच्या आईनं दिला होता, त्याआधीचं कोणाला ठाऊक नाही. घरात लेकरू झालं की बारशाला हा मणी त्याच्या करगोट्यात ओवतात. लेकरू चालायला लागलं की काढून पितळी डबीत ठेवतात. माझ्या कमरेला होता, बहिणीच्या कमरेला होता. बहीण बाळंतपणाला अखजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास घरी येणार, म्हणून आत्यानं डबी काढली आणि मणी चिंच-राखेनं घासायला घेतला. मी तिचा हात धरला. मणी पोवळ्याचा असेल तर चिंचेचं आम्ल त्याला खाईल. दगडाचा असेल तर काही होणार नाही. पण तो कशाचा आहे हे घरात कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. त्या दिवसापासूनच्या या नोंदी. कोणाकडे असाच मणी असेल तर माझे चुकलेले दिवस त्यांचे वाचावेत.

१२ एप्रिल २०२५

आधी मोजमाप. आकार ढोलकीसारखा, मधे फुगीर. लांबी १७ मिमी, मधला व्यास १० मिमी, टोकांशी साडेसात. भोकाची तोंडं २ मिमीपेक्षा थोडी मोठी, आणि दोन्ही सारखी नाहीत. एका तोंडाच्या कडेला टवका उडालेला आहे, ज्वारीच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा. घरात पाहिला तर रंग काळपट तांबडा. उन्हाकडे धरला की आतून पिकल्या टेंभराच्या गरासारखा नारिंगी-पिवळा उजळतो.

दावे तीन. आत्या म्हणते, "पोवळं होय ते. माह्या मायनं सांगतलं होतं मले." आई म्हणते अकीक, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड. तालुक्याच्या बाजारात एका सराफानं हातात घेऊन लगेच परत दिला, म्हणाला काच आहे.

१३ एप्रिल

रात्री मोबाइलचा टॉर्च मण्याखाली लावला. प्रकाश आरपार आला, सगळा मणी निखाऱ्यासारखा दिसला. मी वहीत लिहिलं : काच.

चूक इथे झाली. प्रकाश आरपार येतो यावरून एवढंच ठरतं की हे पोवळं नाही. पोवळं अपारदर्शक असतं, शिवाय त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेनं बारीक रेघा दिसतात. त्या इथे नाहीत. पण काचेतून प्रकाश जातो तसा अकीकातूनही जातो. एका शक्यतेला काट मारायच्या पुराव्यावर मी दुसरी शक्यता पक्की करून बसलो.

१४ एप्रिल

सगळ्यात मोठी चूक आजची. दगडाचा कठीणपणा पाहायचा म्हणून कटरचं पातं मण्यावर ओढलं. भोकाजवळच ओढलं, कोणाला दिसू नये म्हणून. करड्या रंगाची स्पष्ट रेघ उमटली. ओरखडा पडला असं वाटून पोटात गोळा आला. चार पिढ्यांनी जपलेली वस्तू, आणि मी पातं लावलं. त्या रात्री झोप लागली नाही.

१५ एप्रिल

सकाळच्या उजेडात शाळेतला भिंगाचा काच घेऊन पाहिलं. रेघ मण्यात खोदलेली नव्हती, मण्यावर बसलेली होती. पेन्सिलच्या खोडरबरानं घासली, निघून गेली. खाली चकाकी जशीच्या तशी. म्हणजे पात्यानं मण्याला ओरखडलं नव्हतं, मण्यानं पात्याचं लोखंड खरवडून घेतलं होतं.

कठीणपणाच्या मोहस मापावर (आकडा मोठा तेवढी वस्तू कठीण) कटरचं पोलाद साडेपाचच्या आसपास, साधी काच पाच ते साडेपाच, अकीक साडेसहा ते सात. म्हणून रेघ दिसली की ती खाचेत आहे की पृष्ठावर, हे भिंगातून पाहिल्याशिवाय काही ठरवू नये. आणि त्याही आधी, जुन्या मण्यावर पातं, सुई, कानस काहीही लावू नये. मणी पोवळ्याचा असता तर ती खाच कायमची राहिली असती. रेघ पुसायला मी लिंबू घेणार होतो. पोवळ्याबद्दल मनात थोडी शंका होती म्हणून खोडरबर घेतला. तेवढं मात्र बरं केलं.

१९ एप्रिल

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला काटा मागवला, ४८० रुपये. दहापट भिंग २६० रुपये.

घनता मोजायची सोपी रीत अशी. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा. मणी बारीक धाग्यानं पाण्यात असा लटकवायचा की तो बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं मण्याचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

कोरडं वजन २.८६. पाण्यात १.१४. उत्तर २.५१.

साध्या सोडा-काचेची घनता अडीचच्या आसपास असते. अकीकाची २.५८ ते २.६४. खात्री करायला भाच्याचा काचेचा कंचा (खेळायची गोटी) मोजला : ५.३५ भागिले २.१४, बरोबर २.५. मणी आणि कंचा जवळजवळ सारखेच निघाले. आईला सांगितलं, काच आहे. ती काही बोलली नाही. मणी डबीत ठेवला आणि डबीचं झाकण नेहमीपेक्षा जरा जोरात लावलं.

२१ एप्रिल

टवका उडालेली जागा भिंगाखाली धरली, एका बाजूनं टॉर्च. काच फुटली की फुटलेली बाजू चकचकीत असते, ओल्यासारखी. ही जागा शिंपल्यासारखी गोलसर फुटलेली आहे, पण चमक मेणचट. मेणबत्तीचा तुकडा मोडल्यावर दिसतो तशी. आणि मण्यात एकही बुडबुडा नाही. हातानं घडवलेल्या जुन्या काचेच्या मण्यांत बुडबुडे बहुधा सापडतातच, आणि काच सळईभोवती गुंडाळलेली असेल तर भोकाभोवती फिरलेले पदर दिसतात. इथे पदर आहेत, पण भोकाशी त्यांचा संबंध नाही. एका कोपऱ्यातून आडव्या वाकलेल्या फिकट रेषा निघतात, केसापेक्षा बारीक, एकीला एक समांतर. नाल्यातली गारगोटी फोडली की तिच्यात अशाच रेषा असतात.

वजन एक सांगतं, डोळा दुसरं. कुठेतरी मोजमाप चुकलं आहे.

२६ एप्रिल

पाच दिवसांनी लक्षात आलं. भोक.

मणी उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं तर आरपार दिसत नव्हतं. कित्येक करगोट्यांचे तुकडे आणि मळ आत दाटून बसला होता. पाण्यात बुडवला तेव्हा त्या मळामागे हवा अडकली. अडकलेली हवा म्हणजे घनफळ फुगलं, आणि घनता कमी आली. मण्याच्या भोकाचं पोकळ घनफळ हिशेबानं ०.०४ घनसेंटिमीटरच्या आसपास येतं. एवढंसं वाटतं, पण एवढ्यानंच अकीकाची काच झाली होती.

रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला. मग सुती दोरा पिळून भोकातून ओवला आणि हळूहळू मागे-पुढे केला. तार किंवा सुई घातली नाही. आधी काळ्या दोऱ्याचे धागे निघाले, मग तेलकट काळा मळ, मग शेवटी हळदीसारखं काहीतरी पिवळं. आई बाजूलाच बसली होती. म्हणाली, "ते काजळ असंन तुझ्या वेळचं. मी त्याच बोटानं करगोटा बांधायचो."

तो मळ मी वाटीतल्या पाण्याबरोबर तुळशीत ओतला. नंतर चुटपुट लागली. कागदावर वाळवून डबीतच ठेवायला हवा होता. जुन्या मण्याच्या भोकातला मळ हाही त्या मण्याचाच भाग. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी मळ फेकू नये, कागदाच्या पुडीत तारीख घालून ठेवावा.

२७ एप्रिल

पुन्हा वजन. पाणी आधी उकळून गार केलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि मण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. उकळलं पाणी, मणी नाही. दगडाला एकदम उष्णतेचा धक्का बसला तर तडा जातो. मणी पाण्यात सोडल्यावर दोऱ्यानं दोन-तीनदा हलवला. भोकातून मोहरीएवढा बुडबुडा सुटला, तो डोळ्यांनी पाहिला.

कोरडं वजन आता २.८४. पाण्यात पाच वेळा : १.०९, १.१०, १.०९, १.०८, १.०९. सरासरी १.०९, घनता २.६१. घरातलं पाणी ३२ अंशांचं होतं, एवढ्या तापमानाला पाण्याची घनता ०.९९५, ती धरली तर २.५९. शंभराव्या भागापर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर एवढ्या लहान वस्तूचं मोजमाप ०.०३ इकडेतिकडे होणारच. तरी अडीचपासून ते लांब आहे.

आत्याच्या पोवळ्याचा प्रश्न एकट्या वजनानं सुटला नसता. पोवळ्याची घनताही २.६ ते २.७ च असते. ते काम टॉर्चनं आधीच केलं होतं. एकच चाचणी घेऊन थांबलो असतो तर काही ना काही चुकीचं ठरलं असतं.

३० एप्रिल, अखजी

दुपारी जेवणं झाल्यावर तासभर मिळाला. जुन्या बंद कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझिंग फिल्म सोलून ठेवली होती, खर्च शून्य. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा, असतोच. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं, समोर फिल्म धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवायची, आणि मधे मणी ठेवून तो गोल फिरवत पाहायचं. काच असेल तर काळीच राहते, फार तर धुरकट पट्टे येतात. एकसंध स्फटिक असेल तर एका फेरीत चार वेळा उजळतो आणि चार वेळा विझतो. अकीक म्हणजे अतिशय बारीक स्फटिकांचा गठ्ठा. त्यातला कुठला ना कुठला कण कायम उजळलेला असतो, म्हणून तो विझतच नाही.

पहिल्या वेळी मणी प्लास्टिकच्या डबीत ठेवला तर इंद्रधनुष्यासारखे रंग आले. ते डबीचे होते. प्लास्टिकमध्ये ताण असतो, तो या प्रकाशात रंग दाखवतो. मग काचेची वाटी घेतली, ती आधी रिकामी तपासली, तिच्यात खोबरेल तेल ओतलं. उन्हाळ्यात ते पातळच असतं, आणि तेलात मण्याच्या गोलाईची चकाकी बरीच कमी होते. मणी फिरवला. पूर्ण फेरीत तो एकदाही विझला नाही. बहिणीलाही पाहायला लावलं, ती सकाळीच आली होती. ती म्हणाली, चूल विझवल्यावर राखेखाली विस्तव दिसतो तसं दिसते.

काचेचा कंचा त्याच वाटीत ठेवला. काळा.

४ मे

आता भोक. भोक कसं पाडलं आहे त्यावरून मणी घडवलेला आहे की ओतलेला, हे कळतं. आत भिंग जात नाही, म्हणून भोकाचा साचा काढायचा. दातांचे डॉक्टर कवळीसाठी माप घेतात ते सिलिकॉन चालतं. तालुक्याच्या एका दवाखान्यातून पातळ प्रकारचं थोडं मिळालं, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

दोन्ही बाजूंनी एकदमच भरलं. दहा मिनिटांनी ओढलं तर मधे तुटलं, अर्धा तुकडा आत. कारण तुटल्यावर कळलं. भोक दोन्ही बाजूंनी पाडून मधे जोडलेलं आहे, डमरूसारखं, मधे बारीक. साचा दोन्हीकडे जाड आणि कमरेत अडकलेला. आतला तुकडा दोऱ्यानं ढकलून काढायला संध्याकाळ गेली.

९ मे

मधल्या काळात रंगाची शंका डोक्यात होती. मण्याची कड तांबडी आणि आतला भाग पिवळट का? आजकाल रंगवलेलं अकीक विकतात, त्यात रंग तड्यांमध्ये जास्त साचलेला दिसतो. या मण्याच्या तड्याभोवती तसं काही नाही.

अकीकाचा तांबडा रंग लोहाचा. पिवळट दगडातलं लोह पाणी धरून असतं. तापवलं की ते पाणी जातं आणि रंग लाल होतो. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतला दगड खंबायतचे कारागीर असाच भाजत आले आहेत. आमच्या नाल्यातही पिवळ्या गारगोट्या पडलेल्या असतात. आमच्या भागातला सगळा काळा दगड बेसाल्टचा, लाव्हारसातल्या पोकळ्यांमध्ये अकीक तयार होतं, आणि खडक झिजला की गारगोट्या मोकळ्या होऊन वाहत येतात.

पहिली गारगोटी सरळ चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवली. फटाक्यासारखी फुटली आणि एक कपची भिंतीवर आदळली. डोळ्यात गेली असती तर काय झालं असतं. असं कोणी करू नये. दुसरी मडक्याच्या खापरात, वर-खाली राखेत पुरून, रात्रभर विझत्या चुलीत ठेवली. सकाळी तिची बाहेरची साल विटकरी झाली होती, आत पिवळी तशीच. मण्यासारखीच. हा पुरावा नव्हे, पण मण्याची तांबडी कड कशी झाली असेल ते हातात धरून कळलं.

११ मे

साचा दुसऱ्यांदा. या वेळी भोकाला तेलाचा अगदी हलका हात, एका बाजूनं मध्यापर्यंत कापसाचा बोळा, आणि दुसऱ्या बाजूनंच सिलिकॉन भरलं. अर्धा साचा न तुटता निघाला. मग दुसरी बाजू.

भिंगाखाली दोन्ही अर्धे साचे शेजारी ठेवले. एका बाजूनं भोक मध्याच्या पलीकडे गेलेलं, दुसरीकडून आलेलं भोक त्याला केसभर तिरकं भेटलेलं. जिथे भेटले तिथे पायरी. आणि साच्यावर आडव्या बारीक वलयांच्या रांगा, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. हे फिरत्या सामत्याचं, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराचं, काम. ओतलेल्या काचेत असं होत नाही. कोणीतरी एका बाजूनं पाडता पाडता थांबला, मणी उलटा केला, आणि दुसऱ्या बाजूनं अंदाजानं नेम धरला. नेम केसभर चुकला. त्याची ती चूक मला त्या दिवशी आठ मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर दिसली, आणि मी तो तुकडा बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

गावात आता विचारतात, मग मणी किती जुना? दगड कळला म्हणजे वय कळलं असं नाही. आमच्या शेजारी कौंडण्यपूर. तिथे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं, आणि भारतातल्या जुन्या मण्यांचा त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्यांनी केला. नागपूरजवळ माहुरझरी तर शिळावर्तुळांसाठी (दगड गोलाकार मांडलेल्या जुन्या दफनांसाठी) आणि मणी घडवण्यासाठीच ओळखलं जातं, दगडी मणी तिथल्या दफनांतही निघाले आहेत. त्यामुळे लोकांना लगेच दोन-अडीच हजार वर्षं आठवतात. पण हिऱ्याच्या टोकाचा सामता तेव्हाही होता आणि खंबायतला नंतरही चालत राहिला. जमिनीतल्या कोणत्या थरात सापडला हे माहीत असेल तरच वयाचं काही बोलता येतं. आजीच्या मण्याला थर नाही, फक्त माहेर आहे.

याचसाठी एक सांगतो. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पावसानंतर मणी वर येतात म्हणून पोरं उकरायला जातात. उकरलं की थर गेला, आणि मण्याचं जे सांगता आलं असतं तेही गेलं. जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दिसलं तर जागेचा फोटो काढा, हात लावू नका, कळवा.

१८ मे

नागपूरला कामानं जायचं होतं, तिथे एका रत्नतपासणी केंद्रात अपवर्तनांक, म्हणजे वस्तूत शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा, काढून घेतला. ४०० रुपये आणि पंधरा मिनिटं. गोल पृष्ठामुळे फक्त ढोबळ नोंद मिळते : १.५४. अकीकाची तीच. नुसत्या या आकड्यावर काच बाद झाली नसती, कारण काही काचा तिथेच येतात. पण वजन, ध्रुवित प्रकाश, मेणचट टवका आणि हे चारही एका दिशेला आले.

एकूण खर्च काटा, भिंग आणि तपासणी धरून ११४० रुपये. वेळ पाच आठवडे. त्यातले निदान दहा दिवस भोकातल्या मळामुळे आणि माझ्या घाईमुळे गेले.

२ जून

बारसं झालं. मुलगी आहे.

सकाळी डबीत चिठ्ठी ठेवली, वहीच्या कागदावर, बॉलपेनानं नव्हे तर पेन्सिलीनं, कारण बॉलपेनाची शाई दमट जागेत पसरते. तीत लिहिलं : तांबडं अकीक. चिंच, लिंबू, साबण चालतो. उकळतं पाणी आणि विस्तव नको. फरशीवर पडू देऊ नये, टवक्याची कड नाजूक आहे. दर वेळी नवा सुती दोरा, आधी भोक धुऊन. मळ निघाला तर पुडीत ठेवावा.

आत्यानं चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे मी चिंचेनंच घासत होतो ते बरोबर होतं नं?" बरोबर होतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं चिंचेचं बोटूक वाटीत कालवलं, मणी घासला, पदरानं पुसला, आणि काळा दोरा मोठ्या तोंडाकडून आत घातला. मधल्या पायरीशी दोरा अडला. तिनं तो जरा फिरवला, आणि पलीकडून टोक बाहेर आलं.